कागद दाखवल्यावर चालू होणारी स्कूटर

आमच्या घराण्यात 'मालक' हा शब्द नेहमी दुसऱ्या कोणासाठी वापरला गेला. आजोबा आदिलाबाद जिल्ह्यातल्या बेल्यात सालगडी होते. बाबा अकराव्या वर्षापासून त्याच शेतात राबायला लागले. पावसाळ्यात चूल पेटावी म्हणून आई कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या घरातच रचून ठेवायची, त्यामुळे आम्ही उन्हाळ्यात अंगणात झोपायचो आणि पावसाळ्यात पऱ्हाट्यांच्या ढिगावर. शिपायाच्या नोकरीसाठी बाबांना तहसिलीत बोलावलं, तेव्हा त्यांच्याजवळ चपला नव्हत्या. शेजारच्या शेवंताकाकूंनी नवऱ्याच्या पायातल्या काढून दिल्या. त्या दोन बोटं मोठ्या होत्या. बाबा सरकारी कचेरीत फटक फटक वाजत गेले आणि शाळेचे शिपाई होऊन परत आले.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी बदली होऊन चाललेल्या एका मास्तरांकडून त्यांनी जुनी दोन-स्ट्रोक स्कूटर घेतली. नाव बदलून आरसी आली, तेव्हा 'मालकाचे नाव' या रकान्यात त्यांचं नाव होतं. बाबांनी ते मला तीनदा वाचायला लावलं. मग आईला ऐकवायला लावलं. मग शेवंताकाकूंना.

बेल्याहून सुटणारी बस माझ्या तासाला पोचत नसे, म्हणून अकरावीपासून बीएस्सीपर्यंत बाबांनी मला रोज सकाळी याच स्कूटरवर जैनथपर्यंत सोडलं. तिथून दुसरी बस. त्या सालगड्याच्या वंशात पदवी घेणारी मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते. आता यवतमाळला ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. चुंबक फिरला की तारेत वीज कशी तयार होते, हा धडा माझ्याकडे असतो. एवढं पुढच्यासाठी लक्षात ठेवा.

माझे सहकारी सुटीत हिमाचलला जातात आणि स्टाफरूममध्ये बर्फाचे फोटो दाखवतात. मी या दसऱ्याला बेल्याहून आदिलाबादला गेले. अंतर चाळीस किलोमीटरच्या आत, वेळ लागला तीन दिवस. फोटो एकच आहे. त्यात मी स्कूटरच्या हेडलाइटसमोर आरसी धरून उभी आहे. काढला कोणी माहीत नाही, पण जैनथपासून बेल्यापर्यंत तो सगळ्यांच्या फोनवर आहे. तेव्हा खरं काय घडलं ते मीच लिहिलेलं बरं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी: बेला

स्कूटरच्या रजिस्ट्रेशनची मुदत संपली होती. आदिलाबादच्या आरटीओत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकराचा स्लॉट मिळाला. इन्स्पेक्टरसमोर गाडी चालू झाली, ब्रेक लागले, दिवे पेटले की पाच वर्षं वाढ. नाही झाली तर बाबांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं: "मंग मीच भंगारात देईन. बिनकागदाची गाडी मी चालवत नाही." बाबा एकदा बोलले की झालं. चहा सोडतो म्हणाले त्याला नऊ वर्षं झाली.

सरकारी काम म्हटलं की बाबा एक दिवस आधी पोचतात. तहसिलीच्या काळापासूनची सवय. मध्ये दसरा येत होता, म्हणून आम्ही दोन दिवस आधीच निघालो. शिवाय आदिलाबादला लागून मावल्याला आत्या राहते, तिथल्या विहारात धम्मचक्र दिनाच्या वंदनेला बाबांना बसायचं होतं. त्यासाठी आईनं नीळ घालून धुतलेला पांढरा शर्ट-पायजमा पिशवीत घडी करून ठेवला होता.

निघताना शेवंताकाकू आल्या. हातात लिंबू, सात मिरच्या, कोळसा आणि काळा बिबा, सगळं लोखंडी तारेत ओवलेलं.

"पोरी, एवढी घासूनपुसून चमकवली गाडी, नजर लागंन. लटकव हे समोर. दोऱ्यात टिकत नाही म्हनून तारीत ओवलं."

आमच्या घरात हे चालत नाही. बाबांनी तरुणपणी वस्तीतल्या पोरांच्या गळ्यातले गंडे-ताईत घरोघर समजावून उतरवले आहेत. मी विज्ञानाची पदवीधर. पण समोर शेवंताकाकू उभ्या होत्या, आणि त्या चपला मी विसरले नव्हते. घ्यायचं नाही म्हटलं तर काकू दुखावणार. समोर लटकवलं तर बाबा दुखावणार. आणि आदिलाबादच्या रस्त्यावर माझा एखादा विद्यार्थी भेटला तर माझं काय राहणार?

मग मी शिकलेली माणसं करतात ते केलं. हसून घेतलं आणि लपवलं. हँडलखाली पायांपुढे जी पत्र्याची डिक्की असते, तिच्या मागच्या भोकातून वायरींचा एक जुडगा जातो. तारेचा आकडा त्या जुडग्यावर अडकवला, पुढे फडकं कोंबलं, फडक्यापुढे गाडीचे कागद, कुलूप, किल्ली माझ्या पर्समध्ये. बाबा तेव्हा आईशी बोलत होते. हे मी वाचकांना आत्ताच सांगून टाकते, कारण पुढचे तीन दिवस मी कोणालाच सांगितलं नाही.

त्याच दिवशी: नऊ किलोमीटर पुढे

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांनी दसऱ्याच्या सुमारास एकदा यावं. सोयाबीन निघून गेलेली रानं उघडी पडलेली, कापसाची पहिली बोंडं फुटलेली, तुरीला पिवळी फुलं लागायला आलेली. बांधाबांधावर गुनुगूचे पांढरे तुरे. इथल्या बायका ते तोडून बतुकम्मा या फुलांच्या सणाला थरावर थर रचतात. यवतमाळला मी हे शेजारणींना सांगते तर त्या म्हणतात, रानातलं गवत का कोणी पुजतं? मी म्हणते, येऊन बघा.

नवव्या किलोमीटरवर स्कूटर फट्ट म्हणाली आणि गप्प झाली.

बाबांनी पंधरा किका मारल्या. मग इंजिनावरचं बाजूचं झाकण काढलं, प्लग काढला, वायरीच्या टोपीत बसवला आणि इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरला. "मार किक. निळी ठिनगी दिसली तर पेट्रोलचा घोटाळा. नाही दिसली तर करंटचा."

मी किक मारली. ऊन इतकं लख्ख होतं की ठिणगी आहे की नाही हेच कळेना.

गुनुगू तोडणाऱ्या पाच बायका बांधावरून उतरून आल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "अंधार पायजे का? थांबा." आणि पाचही जणींनी पदर सोडून प्लगभोवती तंबू केला. पाच डोकी तंबूच्या आत, बाकीची अंगं बाहेर रस्त्यावर. बाबांचा हात मधोमध. मी बाहेर किक मारतेय.

"दिसली का व?"

"काईच नाही. काळंकुट्ट हाय."

"अजून मार, बाई. लगन झालं का तुझं?"

"नाही."

"मंग नवरा असता तर ढकलाच्या कामी आला असता नं."

त्याच वेळी दोन पोलीस मोटरसायकलवरून आले. सणाची तपासणी होती. पाच बायका रस्त्याच्या कडेला वाकून एका पदराखाली काय बघताहेत, हे त्यांना उमजेना.

"क्या चल रहा है?"

तंबूतून बाबांचा आवाज आला. "ठिनगी पाहून राह्यलो, साहेब."

पोलिसाने बराच विचार केला आणि जे त्याला येत होतं ते विचारलं. "गाडी के कागज?"

"साहेब, गाडी बंद आहे," मी म्हणाले.

"गाडी बंद है तो कागज भी बंद है क्या?"

बाबांनी प्लग परत बसवेपर्यंत मी अंगाची आड करून डिक्की उघडली, फडकं ओढलं, कागद आणि स्लॉटची पावती काढली, फडकं परत कोंबलं, कुलूप लावलं. पोलिसाने पावती वाचली, मान हलवली. बाबांनी सवयीने एक किक मारली आणि स्कूटर भर्रकन चालू झाली.

पाचही बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोलिसाने मिशीवरून हात फिरवला. "देखा? कागज बराबर रखो तो गाडी बराबर चलती है."

गाडीवर मागे बसल्यावर माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चुरचुरायला लागली. पाहिलं तर काळे डाग आणि लाल फोड. बिबा उतला होता, त्याचं तेल कातडी जाळतं. बाबांनी आरशातून विचारलं, "बोटाले काय झालं?"

"सायलेन्सरचा चटका बसला."

"हं," बाबा म्हणाले.

जैनथच्या वेशीवर गाडी पुन्हा मेली.

दसरा: जैनथ

जैनथमध्ये पोशन्नाचं गॅरेज आहे. जुन्या दोन-स्ट्रोक गाड्या हा आजूबाजूच्या दहा गावांत फक्त आवाजावरून ओळखतो. आम्ही आदल्या दिवशी ढकलत पोचलो तेव्हा तो अंघोळ करून, कपाळाला गंध लावून, रिकाम्या हातांनी बाकावर बसला होता. मागे पाटावर त्याचे सगळे पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर रॉकेलने धुऊन, हळदकुंकू लावून ओळीने मांडलेले. वर झेंडूचा हार.

"अक्का, हत्यार बसले पूजेला," तो म्हणाला. "आता उद्या संध्याकाळी जम्मीचं पान वाहिल्यावर उठतील."

"पण आमचा परवा सकाळी स्लॉट आहे."

"हत्याराले स्लॉट समजत नाही, अक्का. वर्षभर मी त्यांले घासतो. दीड दिवस त्यांची सुट्टी."

सरकारी नोकरीत हयात गेलेल्या बाबांना सुट्टीचं महत्त्व लगेच पटलं. पोशन्नाने आम्हाला घरी ठेवून घेतलं. त्याची बायको गंगव्वा हिने ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी वाढली. आमच्याकडे अंबाडीत डाळ-कण्या घालून घोटतात, हिने लाल मिरचीचं असं वाटण घातलं होतं की बाबा जेवताना रडत होते आणि अजून वाढा म्हणत होते. मावल्याहून आत्याचा फोन आला. "कुठवर आले? वांग्याची भाजी करून ठेवली मी."

"जैनथला," मी म्हणाले.

"सकाळपासून?"

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, बाबांनी पांढरे कपडे घातले. विहार नाही तर नाही, दिवस तर तोच आहे, म्हणाले, आणि पूर्वेकडे तोंड करून पाच मिनिटं डोळे मिटून बसले. मग गॅरेजच्या बाकावर येऊन बसले.

पोशन्नाला स्वस्थ बसवत नव्हतं. त्याच्यासमोर मेलेली गाडी उभी होती आणि त्याचे हात बांधलेले होते. शेवटी तो म्हणाला, "अक्का, माझे हत्यार सुट्टीवर. तुझे आहेत का?"

मी पर्स उपडी केली. नेलकटर, त्याची कानस, दोन हेअरपिना, दहाचं नाणं.

"बस झालं. मी सांगतो, तू कर."

मला सुरी हवी होती. गंगव्वा म्हणाली, सुरी पण पूजेत. विळी? पूजेत. कात्री? पूजेत. मग हत्यार कशाला म्हणायचं यावर चर्चा झाली. ज्यानं कापतं, ठोकतं किंवा फिरवतं ते हत्यार, असं पोशन्ना म्हणाला. "मग पळी?" मी विचारलं. पळी डाळ फिरवते, म्हणजे अडचण आली. गंगव्वा फणकारली, "पळी पूजेत बसवली तर जेवाल कशानं?" पळी मोकळी झाली. मी पळीच्या दांड्याने चाकाजवळचं गोल झाकण उचकटलं.

या गाडीला ठिणगी बॅटरीतून मिळत नाही. किक मारली की इंजिनाबरोबर चुंबकाचं चाक फिरतं, आतल्या तारेत वीज तयार होते, पॉइंट नावाचे दोन छोटे टिकल्यांसारखे तुकडे उघडतात-मिटतात, आणि कॉइलमधून झटका प्लगपर्यंत जातो. अगदी माझा धडा. वर्गात मी हे फळ्यावर काढते. मुलं विचारतात, मॅडम, हे परीक्षेला येतं का?

पोशन्ना बाकावरून हुकूम सोडत होता. प्लग बदलून पाहिला, त्याच्याकडे नवा होता आणि प्लग हे हत्यार नाही यावर एकमत झालं. ठिणगी नाही. वायरीची टोपी काढून नुसती तार लोखंडाजवळ धरली. बाबांना दणका तर बसला नाहीच, उलट ते निराश झाले. नाही. मग चुंबकाच्या चाकाच्या खिडकीतून नेलकटरची कानस घालून पॉइंट घासले.

"वरून खाली, अक्का. नख घासतेस तसं. लाडानं."

घासले. गंगव्वाचं लाल लुगडं प्लगवर धरलं. किक.

"स्पार्क लेदु," पोशन्ना म्हणाला. लेदु म्हणजे नाही. त्या दिवशी तो शब्द मी इतक्या वेळा ऐकला की अजून वर्गात हजेरी घेताना गैरहजर मुलाला मी लेदु म्हणते.

बाबांच्या पांढऱ्या शर्टावर आता काळ्या ग्रीसची पाच बोटं होती.

दुपारी पोशन्ना डोळे बारीक करून म्हणाला, "आता एकच राहिलं. स्टॉपची वायर. ही गाडी चालू करायला काही लागत नाही, बंद करायला लागतं. स्टॉपची वायर बॉडीला टेकली की करंट तिकडंच मरतो. तुमच्या गाडीत ती डिक्कीमागून जाते. जोड आहे का तिथं?"

"हाय," बाबा म्हणाले. "मागं जळली होती. मीच जोडली. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली."

"डिक्की उघडा."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. पोशन्नाने पाहिलं. गंगव्वा लुगडं धरूनच होती.

"तिथं काही नाही," मी म्हणाले. "मी पाहिलंय. कागद आहेत नुसते."

मी आयुष्यात कॉपी केली नाही. खोटी रजा टाकली नाही. सख्ख्या बापासमोर, पांढऱ्या कपड्यांतल्या, धम्मचक्र दिनाच्या दुपारी, एका लिंबासाठी मी सरळ खोटं बोलले. आणि तेही पोशन्ना जे सांगत होता ते माझ्याच धड्यातलं असताना.

बाबा म्हणाले, "ती म्हनते तर नसंन काही. ती शिकवते हे."

पोशन्नाने मान खाली घातली. इंजिनाकडून ती वायर कापून पाहता आली असती, पण पक्कड पूजेत होती.

संध्याकाळी लोक जम्मीची पानं घेऊन आले. आमच्याकडे आपट्याचं पान सोनं म्हणून देतात, इथे जम्मीचं, म्हणजे शमीचं. हातात ठेवायचं आणि गळाभेट घ्यायची. ग्रीसमुळे बाबांना सगळे लांबूनच भेटत होते. त्या लोकांत गावचे जुने पटवारी होते, निजामाच्या काळातल्या बापाकडून शिकलेले. पोलिसाची गोष्ट तोवर जैनथपर्यंत पोचली होती.

पटवारी म्हणाले, "कालही बंद पडली, कागज दाखवले, चालली. बरोबर?"

"बरोबर," बाबा म्हणाले.

"मंग आज कागज दाखवले का कोनी?"

दिवसभर आम्ही सगळं केलं होतं, पण कागद कोणी दाखवले नव्हते.

"दस्तऐवज मुकम्मल, तर काम मुकम्मल," पटवारी म्हणाले. "दाखवा तिले."

मी म्हणाले, हा मूर्खपणा आहे. मी विज्ञान शिकवते. यंत्राला वाचता येत नाही.

"दाखवाले काय जाते तुझं?" पटवारी म्हणाले.

मी रागाने डिक्की उघडली, आड करून, फडकं ओढलं, कागद काढले, डिक्की आपटून बंद केली आणि आरसी हेडलाइटसमोर धरली. "हे घ्या. वाच, बाई. मालकाचे नाव. वाचलंस?"

बाबांनी किक मारली. स्कूटर चालू झाली.

जो काही गोंधळ झाला तो लिहिता येणार नाही. कोणी माझ्या हातातल्या आरसीला जम्मीचं पान लावलं. फोटो तेव्हाच काढला गेला. पोशन्ना एकटा बाकावर बसून राहिला. वीस वर्षांचं त्याचं ज्ञान एका प्लॅस्टिकच्या तुकड्याने रद्द केलं होतं. मला त्याचं वाईट वाटलं, कारण माझंही तेच झालं होतं.

गंगव्वाने सणाच्या दिवशी पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणून सांगितलं. आत्याचा फोन आला. वांग्याची भाजी तिने गायीला घातली होती, आता खिचडी टाकली होती.

दसऱ्याचा दुसरा दिवस: आदिलाबाद

सकाळी गाडी पहिल्या किकेत चालू झाली. बाबांनी कागद डिक्कीत ठेवू दिले नाहीत. "वरच्या खिशात ठेवतो. दिसत राह्यले पायजे तिले." आणि शर्टाच्या खिशातून आरसीचं एक टोक बाहेर काढून ते गाडी चालवायला बसले. यवतमाळला सहकाऱ्यांपुढे मी तर्कशुद्ध विचारावर व्याख्यान दिलेलं आहे. मागे बसून मी एवढंच म्हणाले, "पडेल, नीट ठेवा."

पोशन्नाची पक्कड तोवर सुट्टीवरून परत आली होती, पण गाडी चालू असताना तिला कोण हात लावणार?

आदिलाबाद शहर लागलं. कापसाने भरलेले टेम्पो, रस्त्यावर झेंडूचा खच, टपरीवर तळणाऱ्या मिरच्यांचा वास. तासभर हाताशी ठेवून आम्ही आरटीओच्या फाटकात शिरलो. फाटकाच्या आत, बरोबर दहा पावलांवर, स्कूटर मेली.

इन्स्पेक्टर साहेब तरुण होते, घाईत होते. हातात फळी, फळीवर यादी. "स्टार्ट करो."

बाबांनी किक मारली. दहा. वीस. खिशातून आरसी काढून हँडलजवळ धरली. किक. काही नाही. मी आरसी घेतली आणि समोर जाऊन हेडलाइटपुढे धरली.

"ये क्या कर रही हैं मॅडम?"

"कागद दाखवतेय, सर."

"मुझे दिखाना है."

"आधी तिला दाखवावे लागतात."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, बाबांच्या शर्टावरच्या पाच बोटांकडे पाहिलं, आणि घड्याळाकडे. "दस मिनिट. पुढची गाडी बघून येतो. तोवर नाही झाली तर रिजेक्ट."

बाबांनी आरसी माझ्या हातातून घेतली आणि 'मालकाचे नाव' या ओळीवरचं ग्रीस अंगठ्याने पुसलं. अंगठ्यालाच ग्रीस होतं, त्यामुळे ओळ आणखी काळी झाली.

तेव्हा मी पहिल्यांदा शिक्षिकेसारखा विचार केला. तीन वेळा कागद दाखवले. दोनदा गाडी चालली, आज नाही. आज वेगळं काय? आज कागद खिशातून निघाले. त्या दोन्ही वेळा ते डिक्कीतून निघाले. म्हणजे कागदांचा संबंध नाही. मी डिक्की उघडली, फडकं ओढलं, आणि फडक्याबरोबर मागची तार हलली. लोखंडी तार. जोडावरची सुकलेली ट्यूबची पट्टी. पत्र्याची डिक्की.

करंट लिंबाकडे जाऊन मरत होता.

आठ मिनिटं उरली होती. आजूबाजूला गाड्या घेऊन आलेली वीसेक माणसं उभी होती. मी पर्समधून किल्ली काढली. या वेळी आड केली नाही.

"बाबा," मी म्हणाले, "मी काल खोटं बोलले."

डिक्की उघडली, फडकं फेकलं, आत हात घालून सगळं बाहेर ओढलं. लिंबू वाळून सुपारीएवढं झालं होतं. सात मिरच्या, कोळसा, बिबा. तारेच्या एका जागी ठिणग्यांनी पडलेला काळा डाग होता. वायरीच्या जोडावरची पट्टी तिथेच फाटलेली. तीन दिवस जी ठिणगी पाच बायकांच्या पदरात आणि गंगव्वाच्या लुगड्यात आम्ही शोधत होतो, ती डिक्कीच्या अंधारात बसली होती.

मी माझ्या बोटाच्या फोडावर लावलेली चिकटपट्टी काढून जोडाला गुंडाळली. बाबांनी किक मारली.

पहिल्याच किकेत.

इन्स्पेक्टर साहेब आवाज ऐकून परत आले. माझ्या हातात लिंबू-मिरची लोंबत होती. त्यांनी ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, यादीवर खूण केली. मग माझ्या हाताकडे बोट करून म्हणाले, "मॅडम, ये बाहर बांधते हैं. दोऱ्यात."

सही होईपर्यंत आम्ही भिंतीच्या सावलीत बसलो. मी बाबांना सगळं सांगितलं. काकूंना नाही म्हणवलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लपवलं. बाबांनी ऐकून घेतलं.

"मले परवाच समजलं होतं," ते म्हणाले. "बोटाले बिबा उतला तुह्या. सायलेन्सरचा चटका मी काय पाह्यला नाही का?"

"मग बोलला का नाही? जोड तुम्हीच केला होता. पोशन्ना सांगत होता तेव्हा तुम्हाला कळलं असेल ना, तार तिथंच टेकली म्हणून?"

"कळलं नं."

"मग?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू प्रश्नच चुकीचा आहे. "तू शिकलेली हायेस. करंटचंच शिकवतेस. मी म्हनलं, तिनं तिथं लोखंड लटकवलं तर काही इचार करूनच लटकवलं असंन. मी शिपाई मानूस, मधात काऊन बोलू?"

पाच वर्षं ज्या माणसाने मला रोज पहाटे बसपर्यंत सोडलं, त्याने माझ्या पदवीवर इतका विश्वास ठेवला की त्यापुढे स्वतःच्या हाताने केलेला जोड खोटा ठरवला.

"पुढच्या वेळी बोला," मी म्हणाले.

"तूही," बाबा म्हणाले.

मावल्याला आत्याने तिसऱ्यांदा स्वयंपाक केला होता, या वेळी झुणका. बाबांनी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. परतीच्या वाटेवर जैनथला थांबून मी पोशन्नाला तारेवरचा काळा डाग दाखवला आणि त्याचंच खरं होतं असं चार लोकांपुढे सांगितलं. तो इतका खूश झाला की त्याने जोड कापून नवा केला, वर नवी टेप गुंडाळली आणि ती पक्कड पुन्हा एकदा कपाळाला लावली. जुने पटवारी मात्र आजही मानत नाहीत. त्यांचं म्हणणं, डिक्की उघडली ती कागदांसाठीच ना?

बेल्यात शिरताना शेवंताकाकू दारात उभ्या होत्या. "काय व, पावलं का लिंबू?"

मी काही बोलायच्या आत बाबांनी गाडी बंद केली आणि खरं तेच सांगितलं. "पावलं, वहिनी. काढल्याबरोबर पावलं."

काकू खूश झाल्या.

स्कूटरचं रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढलं. नवी आरसी आली आहे. मालकाच्या रकान्यात माझ्या वडिलांचं नाव आहे.